गोष्ट शेजारच्यांनाही सांगा

सोमवार ते शुक्रवार मी एका सरकारी प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात मदतनीस असते आणि रविवारी सकाळी मराठी शाळेत शिकवते. दोन्हीकडचं काम एकच आहे: पुस्तक मुलाच्या हाती पडावं आणि ते त्यानं उघडावं. पण आठवड्यातल्या पुस्तकांच्या पाठीशी अख्खं टेक्सास राज्य उभं असतं आणि रविवारच्या पुस्तकांच्या पाठीशी आजी-आजोबांची बॅग. त्या बॅगेत भाजणी, गोडा मसाला, लोणचं, औषधं आणि पुस्तकं यांची तेवीस किलोंसाठी ओढाताण चालते. विमानतळावर काटा पुढे सरकला की आधी बाहेर निघतात ती पुस्तकं.

हे सगळं चालतं ते फ्रिस्कोत, डॅलसच्या उत्तरेला. १९९० च्या जनगणनेत इथे जेमतेम सहा हजार माणसं होती. २०२० मध्ये ती दोन लाखांवर गेली. सेंट लुइस-सॅन फ्रॅन्सिस्को रेल्वेच्या टोपणनावावरून गावाला नाव पडलं, १९०८ साली नगरपालिका झाली आणि पुढची कित्येक दशकं हे रुळांच्या कडेचं शेतकऱ्यांचं गाव राहिलं. त्याही आधी शॉनी ट्रेल या वाटेनं टेक्सासची लांब शिंगांची गुरं उत्तरेकडे हाकली जात. आजचा प्रेस्टन रोड साधारण त्याच वाटेवरून जातो, आणि गावातल्या बागेत त्या गुरांचे ब्राँझचे पुतळे आहेत. आता रहिवाशांपैकी निदान चारांतला एक आशियाई वंशाचा आहे. आमच्या गल्लीत तेलुगू, स्पॅनिश, तमिळ, फारसी, कोरियन आणि इंग्रजी बोलणारी घरं आहेत; मराठी दोन. संध्याकाळी पोरं सायकली घेऊन बाहेर पडली की सगळ्यांची भाषा इंग्रजी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अशा गावात एका छोट्या गटाच्या भाषेतल्या बालसाहित्याचं करायचं काय, हा प्रश्न रोजच्या कामातून समोर आला, आणि त्याचं अर्धं उत्तर मला टेक्सासनंच शिकवलं.

टेक्सासमध्ये ब्लूबॉनेट नावाचा एक पुरस्कार आहे. ब्लूबॉनेट हे इथलं राज्यफूल. मार्च-एप्रिलमध्ये महामार्गांच्या कडा या फुलांनी निळ्या होतात. राज्याच्या लायब्ररी असोसिएशननं १९७९ मध्ये हा पुरस्कार सुरू केला. दरवर्षी वीस पुस्तकांची यादी निघते. तिसरी ते सहावीच्या मुलांनी त्यातली किमान पाच वाचायची, आणि मग मत द्यायचं. यादी मोठी माणसं करतात, निकाल मात्र मुलं लावतात. समितीचा सल्ला, परीक्षकांचं भाषण, शाल-श्रीफळ असं मध्ये काही नाही. ज्या पुस्तकाला मुलांची मतं जास्त, त्याला पुरस्कार.

हे कागदावर साधं वाटतं. ग्रंथालयात उभं राहून पाहिलं की त्यातली गंमत कळते. पाच पुस्तकं पुरी झाल्याशिवाय मत नाही, म्हटल्यावर जानेवारी जवळ आला की चौथीतली पोरं घाईला येतात. कोणाचं चौथं पुस्तक चालू असतं, कोणाला पाचवं जाडजूड नको असतं. मग ती एकमेकांना विचारतात. ग्रंथपालबाईंनी सुचवलेलं पुस्तक आणि शेजारच्या बाकावरच्या मित्रानं सुचवलेलं पुस्तक यांत मुलं काय उचलतात, हे मी रोज पाहते. मित्राचं पुस्तक. मतदानाच्या दिवशी तिसरीतलं मूल चिठ्ठी दुमडून खोक्यात टाकतं तेव्हा त्याचा चेहरा पाहावा. आपल्या मतावर काही ठरणार आहे, ही गोष्ट त्या वयात फार क्वचित वाट्याला येते.

आपल्याकडेही बालसाहित्याला पुरस्कार आहेत. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचा विभाग आहे, साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. चांगल्या लेखकांना ते मिळालेले आहेत. पण बक्षीसपात्र पुस्तकाचं नाव एखाद्या मराठी मुलाला विचारून पाहा. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यापर्यंत बातमीच जात नाही, कारण त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

टेक्सासनं दुसरी गोष्ट शिकवली ती स्पॅनिश बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या मार्फत. टोमास रिव्हेरा हा क्रिस्टल सिटी या गावी १९३५ मध्ये जन्मलेला मुलगा. घरचे हंगामी शेतमजूर. पिकांमागे टेक्सासहून आयोवापर्यंत जायचे आणि परत यायचे. हा मुलगा पुढे लेखक आणि प्राध्यापक झाला आणि १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठाचा प्रमुख. एल पासोत जन्मलेल्या पॅट मोरा या लेखिकेनं त्याच्या बालपणावर 'टोमास अँड द लायब्ररी लेडी' हे चित्रपुस्तक लिहिलं. ते १९९७ मध्ये आलं. आजोबांच्या गोष्टी ऐकून संपवलेला मुलगा आणखी गोष्टींसाठी गावच्या ग्रंथालयात जातो, अशी त्याची कथा. रिव्हेरा जिथे शिकला त्या टेक्सास स्टेट विद्यापीठानं १९९५ मध्ये त्याच्या नावानं मेक्सिकन-अमेरिकन जीवनावरच्या मुलांच्या पुस्तकांसाठी पुरस्कार सुरू केला. पॅट मोरानं १९९६ मध्ये आणखी एक चाल केली. मेक्सिकोत ३० एप्रिलला बालदिन असतो. तिनं त्याच दिवसाला पुस्तकांची जोड दिली आणि तो सगळ्या भाषांतल्या सगळ्या मुलांसाठी खुला केला. आज अमेरिकेतली अनेक ग्रंथालयं तो साजरा करतात.

मला यातली शेवटची चाल सगळ्यात शहाणपणाची वाटते. आपला सण आपल्याच सभागृहात साजरा न करता तिनं तो सार्वजनिक ग्रंथालयात नेऊन ठेवला. आम्ही मराठी मंडळी २७ फेब्रुवारीला भाषा गौरव दिन करतो. फेटे, लेझीम, कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला हार, मुलांची पाठ केलेली भाषणं आणि बटाटेवडे. मला तो दिवस आवडतो. पण त्या सभागृहात बसलेला प्रत्येक माणूस आधीच मराठी असतो.

आता रविवारबद्दल. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली ठिकठिकाणी मराठी शाळा चालतात. त्यांना ठरीव अभ्यासक्रम आहे, परीक्षाही आहेत. शिकवणारे सगळे आमच्यासारखे, पगाराशिवाय काम करणारे आईबाप. भाड्याच्या वर्गखोलीत मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं असा क्रम चालतो. या शाळांमुळे मुलांना देवनागरी येते, ही मोठीच गोष्ट आहे. पण अक्षर आलं म्हणजे पुस्तक आलं असं होत नाही. दहा वर्षांच्या इथल्या मुलाचं इंग्रजी वाचन जाड कादंबऱ्यांचं असतं आणि मराठी वाचन पहिलीतल्या मुलाइतकं. त्याला वाचता येईल असं मराठी पुस्तक द्यावं तर त्यात ससा गाजर खातो, आणि त्याला आवडेल असं पुस्तक द्यावं तर पहिल्या परिच्छेदात तो दमतो. मराठी पुस्तक म्हणजे बाळांचं पुस्तक, हा समज इथे पक्का होतो आणि पुढे सुटत नाही.

यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसला: मोठ्यानं वाचून दाखवणं, आणि तेही मुलं स्वतः वाचायला लागल्यावर बंद न करता. कानाला जे झेपतं ते डोळ्यांना झेपायला वर्षं लागतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्या वर्गात एका दमात ऐकला जातो. त्याचं गाव फुरसुंगी कुठे आहे हे एकालाही माहीत नव्हतं आणि त्यानं कोणाचं काही अडलं नाही. मुलांनी नकाशावर ती शोधली, पुण्यापासूनचं अंतर मोजलं आणि हा मुलगा सायकलवरून कुठून कुठे जाऊ शकतो याचा हिशेब मांडला. परदेशातल्या मुलांना मराठी पुस्तकातलं वातावरण परकं वाटतं असं पालक नेहमी म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. ही मुलं जादूच्या शाळांपासून परग्रहांपर्यंत कुठेही आनंदानं राहतात. फुरसुंगी त्यांना जड नाही. जड जातं ते लांबलचक, उपदेशानं भरलेलं वाक्य.

'श्यामची आई'नं मात्र वर्गात वादळ उठवलं. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. मराठी घरात ते डोळे पुसत ऐकलं जातं, ही माझी अपेक्षा. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारते आणि विहिरीवर धाडते, तो भाग वाचला. फ्रिस्कोतली बहुतेक मुलं चौथ्या-पाचव्या वर्षापासून पोहण्याच्या क्लासला जातात; विहिरीत उडी ही कल्पना त्यांना भारी वाटली. मारणं नाही. पोलीस आले का, असा पहिला प्रश्न आला. दुसऱ्यानं विचारलं की मग तो तिच्यावर एवढं प्रेम का करतो. मी उत्तर दिलं नाही. श्यामच्या आईला पत्र लिहा म्हटलं. त्या दिवशी वर्गात जितकं मराठी लिहिलं गेलं तितकं कुठल्याही निबंधाला लिहिलं गेलं नव्हतं. एकीनं आईला बजावलं होतं की पोहायला शिकवायचं असेल तर आधी आपण पाण्यात उतरावं. पुस्तकाचा मान राखायचा म्हणजे मुलांनी त्याच्याशी भांडू नये असं थोडंच आहे.

मग आम्ही ब्लूबॉनेटची पद्धत उचलली. मराठी पुस्तकांची छोटी यादी, त्यातली पाच वाचलेली किंवा ऐकलेली हवीत, मग मतदान. यादीत माधुरी पुरंदरेंची चित्रपुस्तकं होती, फास्टर फेणे होता, 'किशोर'मधल्या निवडक गोष्टी होत्या. 'किशोर' हे बालभारतीचं मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. परदेशातल्या मराठी शाळेला याहून मोठी देणगी नाही. मतं मोजली तेव्हा लहान वर्गानं पुरंदरेंच्या बाजूनं कौल दिला. कारण विचारलं तर मुलं म्हणाली, यात कोणी शहाणं होत नाही. घरातली माणसं, त्यांचे रुसवेफुगवे, रोजच्या जगण्यातल्या लहान घडामोडी असं जे पुरंदरे लिहितात आणि रेखाटतात, त्यात मुलाला सुधारायचा कट नसतो. हे समीक्षण मी कुठल्याही लेखात इतक्या थोडक्यात वाचलेलं नाही.

यापुढची पायरी होती ती मराठी वर्गाच्या बाहेर पडण्याची, आणि तिथे आमच्यातच मतभेद झाले. आपल्याच मुलांना धड मराठी येत नाही, मग इतरांच्या मुलांना मराठी गोष्टी सांगण्यात वेळ का घालवायचा, असं काही पालकांचं म्हणणं होतं. प्रश्न रास्त होता. रविवारचे दोन तास, शिकवणारे मोजके. तरी आम्ही ऑक्टोबरमध्ये एक दुपार शेजारपाजारच्या सगळ्या मुलांसाठी ठेवली.

ऑक्टोबर निवडण्याला कारण होतं. त्या महिन्यात अमेरिकेत दुकानांच्या दारात, घरांच्या पायऱ्यांवर, चर्चच्या अंगणात भोपळेच भोपळे असतात. आपल्याकडे लेकीच्या घरी जाऊन जाडजूड होऊन भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी आहे. गोष्ट मराठीत सांगायची, हातवारे भरपूर करायचे आणि मध्ये मध्ये आमच्या मुलांनी इंग्रजीत सांगत जायचं असं ठरलं. म्हातारीला वाघ भेटेपर्यंत एका इराणी आईनं हात वर केला. ही गोष्ट तिला तिच्या आजीनं फारसीत सांगितली होती. तिथेही म्हातारी लेकीकडेच जाते, वाटेत लांडगा आणि वाघ भेटतात, आणि परतताना भोपळा गडगडत येतो. एका बंगाली आजोबांनी त्यांच्याकडची म्हातारी सांगितली. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या चित्रा बॅनर्जी दिवाकरुणींनी तीच बंगाली गोष्ट 'ग्रँडमा अँड द ग्रेट गोर्ड' या नावानं २०१३ मध्ये इंग्रजी चित्रपुस्तकात आणली आहे, म्हणजे टेक्सासच्याच लेखिकेचं पुस्तक. पोर्तुगालमध्येही एक म्हातारी अशीच भोपळ्यात बसून लांडग्यांना चकवते. त्या दुपारी भोपळा तीन भाषांत गडगडला आणि मग कुणाची म्हातारी जास्त चलाख यावर वाद रंगला.

या दुपारीनं आमच्यातला वाद मिटवला. जी मराठी मुलगी रविवारी तोंड उघडत नसे, ती तेलुगू मैत्रिणीला म्हातारीचं प्रत्येक वाक्य समजावून सांगत होती. समजावण्यासाठी तिला आधी ते नीट ऐकावं लागत होतं. घरात मराठी ही आईनं मागे लागून बोलायला लावलेली भाषा असते. दुसऱ्या मुलाला तिची गरज पडली की ती आपल्या मालकीची होते. मराठी गोष्टी परक्यांना सांगितल्याचा पहिला फायदा मराठी मुलांनाच झाला. तेव्हापासून ३० एप्रिलच्या आसपास आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही अशा दुपारी ठेवतो. चिऊ-काऊची गोष्ट लावली की कोणीतरी तीन डुकरांची घरं आणतं. शेणाचं घर पावसात वाहतं, गवताचं वाऱ्यानं उडतं. टेक्सासच्या वादळात काय टिकेल, यावर बांधकाम क्षेत्रातले एक बाबा गंभीरपणे बोलले.

एवढं झाल्यावर मुलांनीच विचारलं की आमच्या गावाची मराठी गोष्ट कुठे आहे. ती कुठेच नव्हती. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतल्या लेखिका आता लिहितात. सुप्रिया केळकर यांची 'अहिंसा' ही २०१७ ची किशोर कादंबरी १९४२ च्या लढ्यावर आहे आणि त्यांच्या पणजी अनसूयाबाई काळे यांच्या आयुष्यातून तिला प्रेरणा मिळाली. पण ती इंग्रजीत आहे, तशी असणं स्वाभाविकही आहे. फ्रिस्कोतल्या मुलाचं रोजचं जगणं, पिवळी स्कूलबस, वादळाचे भोंगे, गारांनी ठेचलेली गाडी, मागच्या कुंपणावर बसलेला रानमांजराचा जोडा, हे मराठीत कोणी लिहिलं नव्हतं. ते लिहिणारे आमच्याच वर्गात बसले होते.

कागद दुमडून आठ पानांची पुस्तकं करायला लागलो. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फवादळात टेक्सासची वीज गेली होती, लाखो घरं अंधारात होती. त्यावर एका मुलानं लिहिलं की आम्ही पाच जणं एका गादीवर झोपलो आणि सोलापूरच्या आजीनं फोनवर विचारलं, एवढंच ना, आमच्याकडे रोज जाते. ८ एप्रिल २०२४ ला फ्रिस्कोत खग्रास सूर्यग्रहण झालं. सकाळपासून ढग होते, ऐनवेळी फाटले, दुपारी पावणेदोनच्या सुमारास अंधार झाला आणि रस्त्यावरचे दिवे लागले. गावभर कागदी चष्मे वाटले जात होते, आणि मराठी घराघरांत फोन येत होते की बाहेर जाऊ नका, काही खाऊ नका. या ग्रहणावर वर्गात सगळ्यात जास्त पुस्तकं झाली. एकात आजी व्हिडिओ कॉलवर आहे, नात अंगणात चष्मा लावून उभी आहे आणि फोन सूर्याकडे वळवून आजीला ग्रहण दाखवते आहे. आजी आधी रागावते, मग म्हणते जरा सरळ धर. मराठी आणि टेक्सास यांना एका पानावर आणण्यासाठी याहून वेगळं काही करावं लागत नाही.

यातली काही पुस्तकं स्टोरीवीव्हरवर चढवण्याचा विचार आहे. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त व्यासपीठ आमच्या मोठ्या कामाचं आहे. तिथली पुस्तकं वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेली असतात, आणि परवाना मुक्त असल्यानं कोणीही त्यांचं भाषांतर करू शकतं, छापू शकतं. एकच गोष्ट मराठी, तेलुगू, तमिळ आणि स्पॅनिशमध्ये छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवता येते. चित्रं तीच असल्यामुळे मुलं एकमेकांच्या पुस्तकांत डोकावतात.

अडचणी अर्थातच आहेत. सहावीत गेलं की मूल बँड, रोबोटिक्स आणि सॉकरकडे वळतं आणि रविवारची खुर्ची रिकामी होते. याला आमच्याकडे उत्तर नाही. दुसरी अडचण पुस्तकाच्या देहाची आहे. फ्रिस्कोचं सार्वजनिक ग्रंथालय २०२३ मध्ये एका बंद पडलेल्या रॉकेट कंपनीच्या इमारतीत गेलं. आत टी-रेक्स डायनासोरच्या सांगाड्याची प्रतिकृती उभी आहे आणि गावातलं प्रत्येक मूल तिथे कधी ना कधी येतं. मराठी पुस्तकाला याहून चांगली जागा कोणती? पण अमेरिकेतल्या ग्रंथालयात पुस्तक शिरायचं तर सहसा त्याची नोंद रोमन लिपीत व्हावी लागते, आयएसबीएन लागतो, पाठीवर नाव लागतं आणि मागवण्याची सरळ वाट लागते. आपली कितीतरी चांगली बालपुस्तकं दोन टाचण्यांवर उभी असतात. पाठच नाही, तर पाठीवर नाव कुठून येणार? फळीवर ती दोन जाड पुस्तकांच्या मध्ये दिसेनाशी होतात. शाळांच्या ग्रंथालयांचं दार तर आणखी अरुंद झालं आहे. टेक्सासच्या विधिमंडळानं २०२५ मध्ये केलेल्या कायद्यानंतर शाळेच्या ग्रंथालयात येणाऱ्या नव्या पुस्तकांना, भेट आलेल्यांनासुद्धा, शाळा मंडळाची मंजुरी लागते. ज्या पुस्तकाची भाषा मंडळातल्या कोणालाच वाचता येत नाही, त्याचा नंबर कधी लागेल याचा अंदाज करावा.

मराठी पुस्तकं अमेरिकेत आलीच नाहीत असं मात्र नाही. १९५४ च्या पब्लिक लॉ ४८० या अमेरिकी कायद्याखाली भारतात अमेरिकेचा गहू आला. आमच्या आधीच्या पिढीला तो रेशनच्या रांगेमुळे आठवतो. त्या धान्याचे पैसे भारतानं रुपयांत दिले, आणि त्या रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयानं भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी करून इथल्या विद्यापीठांना धाडली. शिकागो आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत मराठीचा जो साठा आहे, त्याच्या मुळाशी ही गव्हाची उधारी आहे. त्या साठ्याचा संशोधकांना उपयोग झाला. आठ वर्षांच्या मुलाला मात्र विद्यापीठाच्या तळघरात जाता येत नाही. त्याचं पुस्तक गावच्या ग्रंथालयात, त्याच्या उंचीच्या फळीवरच हवं.

नॅन्सी लॅरिक या बाईंनी १९६५ मध्ये अमेरिकेतली तीन वर्षांतली पाच हजारांहून अधिक बालपुस्तकं तपासली आणि त्यांत कृष्णवर्णीय मूल असलेली पुस्तकं शेकडा सातसुद्धा नाहीत असं दाखवून दिलं. तेव्हापासून इथे कोणाच्या मुलांची पुस्तकं फळीवर आहेत हे मोजलं जातं, त्यावर भांडणं होतात, आणि भांडणातून पुस्तकं येतात. मेक्सिकन-अमेरिकन लोकांनी आपली पुस्तकं, पुरस्कार आणि सण असेच उभे केले. भारतीयांनी, आणि त्यात मराठी माणसांनी, या बाबतीत मागणीच नोंदवलेली नाही. घरं घेतली, मंदिरं बांधली, अधिवेशनं भरवली. २०१९ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन तर डॅलसमध्येच झालं. मुलांच्या पुस्तकांची फळी मात्र आपण आजीच्या बॅगेवर सोडून दिली.

माझं मत या कामातून पक्कं झालं आहे. परदेशात मराठी बालसाहित्य टिकेल ते मराठी घरांत जपून नाही, तर गावात वाटून. जे पुस्तक फक्त आपल्या मुलांसाठी राखून ठेवलं, ते आपली मुलंही उघडत नाहीत.

म्हणून तीन विनंत्या. प्रकाशकांना: मुलांच्या पुस्तकाला पाठ द्या, आयएसबीएन द्या, आणि ई-पुस्तक काढा, पुस्तक विमानाच्या वजनकाट्यावर अवलंबून राहू नये. लेखकांना: परदेशातल्या मुलांसाठी लिहिताना सोपी वाक्यं लिहा, पण विषय दहा वर्षांच्या मुलाला शोभेल असा घ्या. आणि माझ्यासारख्या परदेशातल्या आईबापांना: तुमच्या गावच्या ग्रंथालयात पुस्तक मागवण्याचा अर्ज असतो. त्यावर एखाद्या मराठी बालपुस्तकाचं नाव लिहा, आयएसबीएन लिहा आणि शेजारच्या चार घरांनाही तो भरायला सांगा. इथलं ग्रंथालय मागणी मोजतं. आपली मागणी त्याच्या वहीत दिसली पाहिजे.